वडिलांच्या धोतरांची वाकळ

मला पदवीधर केले ते माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने. मी रांगत होतो तेव्हाच आई गेली. वडील परंड्याहून कुर्डुवाडी स्टेशनापर्यंत बैलगाडीने माल नेत. मी चौथी पास झालो तेव्हा मलाही गाडीवर घ्यायचे त्यांच्या मनात होते. अक्का म्हणाली, “गाडीवर म्या बसते. त्याला शाळंत बसवा.” वडील हसले आणि मी शाळेत राहिलो. पुढे लग्न होऊन ती ढोकीला गेली, तरी माझ्या प्रत्येक परीक्षेनंतर “पास झाला का?” एवढे विचारायला दाजींना पाठवी.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला त्यानंतरची गोष्ट. सोलापूरला माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा चालू असताना वडील वारले. मला कोणी कळवले नाही. पेपर संपवून घरी आलो तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. एकुलता एक मुलगा असून अग्नी मी दिला नव्हता, चुलतभावाने दिला होता. मी हातपाय धुतले, जेवायला बसलो. पिठल्यात मीठ जास्त पडले होते, हे आठवते. मी आता रडेन म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते. मला रडू आले नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काने वडिलांचे कपडे अंगणात काढले. धोतरे, बंड्या, एक लाल पटका. आमच्याकडे असे कपडे कोणाला तरी देऊन टाकतात. तिने ते धुऊन ठेवले होते. मी नोकरीला जाईन तेव्हा पांघरायला त्यांची वाकळ करायची, असे तिने ठरवले होते.

शेजारची म्हातारी सुई घेऊन आली, पण बसायच्या आधीच कुरकुरली. “मेलेल्याची कापडं पोराच्या अंगावर घालती व्हय गं?”

“हिरीचा गाळ बी त्यांनीच काढला हुता,” अक्का म्हणाली. “मग उद्यापासनं पाणी पिऊ नका, मावशी.”

“लई शानी हायस,” म्हणत म्हातारी बसली.

वाकळीत धोतरे पसरून एकावर एक थर घालतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि कडेकडेने टाके घालत मध्याकडे येतात. पहिले धोतर पसरल्यावर अक्का मला म्हणाली, “निज बघू ह्याच्यावर. लांबी किती धरायची ते कळंल.”

मी धोतरावर उताणा झालो. पाय जुळवले, हात अंगालगत ठेवले. अक्का माझ्या डोक्यापाशी वाकली आणि तशीच थांबली.

“उठीव त्याला!” म्हातारी ओरडली. “पांढऱ्या कापडावर असं सरळ निजवत्यात का जित्या माणसाला?”

अक्का हलली नाही. “हितंच ठेवलं हुतं त्यांना,” ती मला म्हणाली. “डोकं असंच, चुलीकडं.”

वडिलांना कुठे ठेवले होते हे मी कोणाला विचारलेच नव्हते. आता कळले. पाठीखाली सारवलेली जमीन गार लागत होती. मला तेवढेच जाणवत होते.

“तार करायला हे निघाले हुते,” अक्का म्हणाली. हे म्हणजे दाजी. “वेशीपतोर गेले हुते. म्याच माघारी बोलावलं. म्हणलं, त्याचा पेपर बुडंल. तुला राग आला असंल तर आत्ता बोल. म्हातारीम्होरं बोल, पर बोल.”

मी कुशीवर वळलो आणि गुडघे पोटाशी घेतले.

“मी असा झोपतो,” मी म्हणालो.

“मग निम्म्या कापडात भागलं की,” म्हातारी म्हणाली. मी उठून बाजूला झालो. अक्काने लांबी माझ्या मापाची धरली नाही. वडील उंच होते, त्यांच्या मापाची धरली. दिवसभर त्या दोघी शिवत राहिल्या आणि मी सुया ओवून देत राहिलो. पटक्याचा लाल तुकडा मधोमध बसला. अक्काने पुन्हा विचारले नाही. मी निघालो तेव्हा एस.टी.च्या खिडकीतून तिने वाकळ आत दिली. तेव्हाही ती माझ्या तोंडाकडेच पाहत होती.

मला लोहाऱ्याला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. अक्काला वाचता येत नाही. माझे पत्र दाजी वाचून दाखवणार, हे माहीत असल्यामुळे बरेच दिवस लिहवले नाही. मग थंडी पडली आणि वाकळ उलगडावी लागली. त्या आठवड्यात हे पत्र पाठवले:

“ती. अक्कास साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. खोली बरी आहे. तू अंगणात विचारलेस त्याचे उत्तर द्यायचे राहिले. तू मला शिकवलेस, हे मी कधी विसरणार नाही. तुझा राग नाही. तरीपण तार यायला हवी होती, असे अजून वाटते. एकच लिहिले तर ते खोटे होईल म्हणून दोन्ही लिहितो. दाजींनी वाचताना यातले काही गाळू नये. मला अजून रडू आलेले नाही, त्याची काळजी करू नकोस. वाकळ रोज घेतो. ती पायाशी पुष्कळ उरते. उरलेली दुमडून पायांखाली घेतो.”