दोघांनाच ठाऊक होतं

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे सेतुराम आता शंभरीला टेकले आहेत. मिसरूड फुटायच्या वयात ते चुलत्याकडे क्लॅरिनेट शिकले आणि पापनाशमच्या रामस्वामीबरोबर नागपट्टणमहून बोटीनं सिंगापूरला गेले. तिथल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये दोघांना काम मिळालं. रामस्वामी ड्रम वाजवायचा. साहेबलोक ज्यावर नाचायचे ते स्विंग दोघांनी तिथंच आत्मसात केलं.

मग जपानी आले. साहेब कैदेत गेले आणि तोच बँड जपानी अधिकाऱ्यांपुढे वाजू लागला. अमेरिकन गाण्यांना बंदी होती. पण मनिलाचा ट्रम्पेटवाला फेलिक्स चोरून रेडिओ ऐकायचा, नवी चाल उचलायचा आणि तिला जपानी नाव देऊन खुशाल वाजवायचा. रेडिओ जमिनीच्या कुठल्या फळीखाली लपवलाय हे सेतुराम आणि रामस्वामी, दोघांनाच ठाऊक होतं.

एके सकाळी शिपायांनी येऊन नेमकी तीच फळी उचकटली. फेलिक्स पुन्हा कुणाला दिसला नाही. त्यानंतर बँडमधल्यांनी सेतुरामांशी बोलणंच टाकलं. रामस्वामी तेवढा पूर्वीसारखा एका ताटात जेवायचा. हॉटेलच्या एखाद्या नोकरानं पाहिलं असेल, अशी सेतुरामांनी मनाची समजूत घातली. गावी परतल्यावरही दोघांचा घरोबा टिकला; पोंगलला एकमेकांकडे जाणं कधी चुकलं नाही.

गेल्या वर्षी रामस्वामी वारले. त्यांच्या मुलीनं, विनुतानं, वडिलांची एक जुनी मुलाखत फोनवर पाठवली. सेतुरामांच्या नातीनं, अखिलानं, ती लावली. रामस्वामीचा आवाज शांत होता: “रेडिओचं आम्हा दोघांनाच माहीत होतं. सेतूनं सांगितलं. बँडमधल्यांना मीच सावध केलं. पण लहानपणचा सोबती, मी त्याला माफ केलं.”

सेतुरामांनी ते पुन्हा लावायला सांगितलं.

“दोघांनाच माहीत होतं,” ते म्हणाले. “आणि मी सांगितलं नाही.”

अखिलानं फोन उपडा ठेवला. तिला कळलं होतं.

वर्षश्राद्धाला ते हट्टानं पापनाशमला गेले. पानं वाढली होती. सगळ्यांदेखत त्यांनी विनुताला तेच सांगितलं, एक शब्दही न वाढवता.

विनुतानं त्यांचा हात हातात घेतला. “काका, अप्पांनी केव्हाच माफ केलं तुम्हाला. आता मनाला लावून घेऊ नका.”

पंगतीतल्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. सेतुराम पानाला हात न लावता उठले. रामस्वामीच्या घरातून ते आजवर कधी उपाशी परतले नव्हते.