आईनं शोधलेली बुरशी

परवा भाड्याची खोली बघताना ओल्या भिंतीचा कुबट वास आला आणि नेकनूरचं आमचं घर आठवलं. लहानपणी तिथं पावसाळाभर मला शिंका यायच्या, धाप लागायची. सगळे म्हणायचे, सर्दी हाय. आई मात्र म्हणाली, "मामाकडं गेल्यावर हिला कावून काही होत न्हाई?" आणि कुबट वास येत होता त्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट तिनं वडिलांच्या मदतीनं पुढं ओढलं. मागं भिंतभर काळी बुरशी होती. मला बाहेर बसवून, तोंडाला पदर बांधून तिनं भिंत घासली, गळका पाइप बदलून घेतला. महिन्याभरात माझी धाप थांबली. नंतर तपासायला नेलं तेव्हा सगळं ऐकून बीडच्या डॉक्टरांनी विचारलं, "बुरशीची अ‍ॅलर्जी कुणी ओळखली?" चौथी शिकलेली आई ताठ बसून म्हणाली, "मी." आज कुणी माझ्या शिक्षणाचं कौतुक केलं, की मी आधी आईची ही गोष्ट सांगते.