ओढणीला पाच गाठी

एकाच रेझिस्टरवर एवढा व्होल्टेज टाकू नकोस, पाच ओळीनं जोड, असं अप्पांनी त्यांच्या मशीनचं कार्ड बनवणाऱ्या लेकीला, हेमांगीला, बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री तिची, अप्पा सातवी पास. पाचांची बेरीज तेवढीच येणार, मग माळ कशाला ओवायची, असं तिनं वहीत मांडून दाखवलं. "बरं बाई, तू शिकलेली," म्हणून अप्पा कामाला लागले.

आता दुपारचे अडीच वाजलेत. पुण्याच्या भाड्याच्या खोलीत चार महिन्यांची ओवी कुशीत पिता पिता झोपली आहे. हेमांगीचा डोळा लागता लागत नाही. बाळाचं पोट वरखाली होतंय ना, हे ती घडीघडी बघते. एकदा बघते, पुन्हा बघते, आणि तिसऱ्यांदा बघते तर पाळण्याच्या दोरीशी अप्पा बसलेले असतात.

डावा हात खिशात. मशीनजवळ ते कायम असेच असायचे. दोन्ही हात आत घातले की झटका छातीतून जातो, म्हणायचे.

"चहा टाकू?" ती विचारते.

"टाक. साखर घाल भरपूर. आता कोण तपासतंय."

ती ओट्याकडे वळते तर तिथं शेगडीच नाही. अप्पांच्या जयसिंगपूरच्या दुकानातलं मशीन आहे, लाऊडस्पीकरचे मॅग्नेट चार्ज करायचं. खालच्या कप्प्यात वीज साठवणारे कपॅसिटरचे डबे दुधाच्या किटल्यांसारखे ओळीनं उभे आहेत. नऊशे व्होल्ट भरले की तिनं बनवलेलं सर्किटचं कार्ड चार्जिंग तोडतं. जुना काट्याचा मीटर काढून तिनं त्याच कार्डावर आकड्यांचा बसवला होता. त्यावर शून्य आहे. डबे मात्र गुणगुणताहेत.

"अजून भरलंच नाही, अप्पा."

"मलाही तसंच वाटलं," अप्पा म्हणतात. आवाजात राग नाही, बस चुकल्यावर माणूस बोलतो तसं बोलतात.

हेमांगीला सगळं दिसतं. कार्ड व्होल्टेज मोजायचं त्या एकट्या रेझिस्टरमधूनच, आणि त्याला नऊशेचा ताण झेपणारा नव्हता. रोज थोडा थोडा झिजून तो एके दिवशी आतून तुटला. मग कार्डाला वाटलं, व्होल्टेज नाहीच, भरत राहू या. मीटरही कार्डाच्याच तोंडून बोलणारा. डबा फुटला तेव्हा अप्पा त्यावर वाकून बघत होते. दिवसकार्याला जमलेली माणसं म्हणाली, डबा जुना झाला होता. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत हेमांगी कोपऱ्यात बसली होती. तिनंही होकाराची मान हलवली.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणते. "मी बोलले नाही."

अप्पा पाळण्याला झोका देतात. पाळणा आता डब्यांच्या वर हलतो आहे. "दुसरं कार्ड कुणाला दिलंस?"

ती पाळणा हातानं थांबवते. एकाच दिवशी दोन कार्डं केली होती. दुसरं कुरुंदवाडच्या बाबगोंडा काकांच्या मशीनला लावलं. अप्पांचे दोस्त, आयुष्यभर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवून एकमेकांच्या घरी जेवणारे. त्यांना सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून सहा महिने ती आज सांगते, उद्या सांगते करत राहिली.

अप्पा तिच्या ओढणीचं टोक ओढतात आणि डावा हात खिशातून काढतात. "आता काय व्हायचंय मला," म्हणून हसतात. दोन्ही हातांनी एकेक गाठ मारत जातात. "एकट्यानं किती सोसायचं, हेमा? वाटून घेतलं की टिकतं. आणि काट्याचा मीटर वेगळा बसव. कार्ड खोटं बोललं तर सांगायला कुणीतरी हवं."

चहा उतू गेल्याचा वास येतो. पाळण्याच्या पलीकडे कुरुंदवाडचं दुकान आहे, आणि काका पाठमोरे बसून शून्याकडे बघताहेत. ती हाक मारते. काकांना आधीच कमी ऐकू येतं.

ओवीच्या रडण्यानं ती जागी होते. ओवीला उचलून घेते, तर ओढणी अडते. टोकाला पाच गाठी आहेत, सारख्या अंतरावर, नखानंही न सुटणाऱ्या. ती सोडवत बसत नाही.

ती काकांना फोन लावते, तो नुसता वाजत राहतो. चार वेळा. मशीन चालू असलं की त्यांना ऐकू जात नाही, आणि शेजारपाजारचा एकही नंबर तिच्याकडे नाही. बाळाला घेऊन ती निघाली आहे, पण पोचायला रात्र होईल.

म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. तुम्ही त्या बाजूचे असाल तर बाबगोंडा काकांच्या दुकानात डोकावून या. आधी भिंतीवरचा मेन बंद करा. मीटरवर शून्य दिसलं तरी डब्यांना हात लावू नका, काकांनाही लावू देऊ नका. त्यांना धरून बाहेर आणा. ते चिडतील, कारण विचारतील. मग सांगा, जयसिंगपूरला डबा जुना झाला नव्हता, हेमांगीचं कार्ड चुकलं होतं.