सायकल संघाचं शेवटचं प्रकरण

जगात कोणीही न मागितलेलं एक पुस्तक आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या घरी लिहिलं जात होतं. लेखक माझे सासरे. विषय, जर्मनीतल्या एका छोट्या व्यावसायिक सायकल संघाचा इतिहास. बाबा तरुणपणी कंपनीतर्फे पुण्याहून ट्रेनिंगला गेले, ते त्या संघाच्या गावात राहिले. तिथल्या एका बेकरीवाल्याने पदरमोड करून आठ पोरांचा संघ उभा केला होता. रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवता वाजवता बाबा कायमचे त्यांचे झाले. संघ एकही मोठी शर्यत जिंकला नाही. (मी एकदा म्हटलं, "बाबा, इतिहास लिहायला आधी तो घडावा लागतो ना?" त्यानंतरचे काही चहा मुकाट्याने झाले.)

शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं. संघाच्या अखेरच्या शर्यतीत हे आठही जण शेवटच्या घाटापर्यंत सगळ्यांच्या पुढे होते, आणि घाट लागताच आठही एकदम ढेपाळले. शर्यतीच्या मागून एक गाडी येते, दमलेल्यांना सायकलींसकट उचलून आणते. तिला झाडूगाडी म्हणतात. आठही जण झाडूगाडीतून परतले आणि संघ बंद पडला. का ढेपाळले, ते कोणीही कधी बोललं नाही. बाबांना घातपाताचा संशय होता. "उत्तर मिळाल्याशिवाय मी पुस्तक सोडणार नाही, आणि जगही नाही," असं ते म्हणायचे. त्यांच्या बायपासनंतर मला ते हसण्यावारी नेता येईना.

अशात त्या आठांपैकी एक, डीटर, शेजारच्या वूस्टरला लेकीकडे राहायला आल्याचं बाबांनी सायकलच्या दुकानात गप्पा मारता मारता शोधून काढलं. मी म्हटलं, रविवारी जेवायलाच बोलवा. आणि मनाशी पक्कं ठरवलं, बाबांना उत्तर मिळालंच पाहिजे. (नवरा ऑफिसच्या कामासाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला होता. घरात काही घडायचं असलं की तो बेलव्ह्यूलाच असतो.)

डीटरकाका सायकलवरूनच आले. सत्तरीचे, शेवग्याच्या शेंगेसारखे. बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं की परत सायकलवरच जायचंय, तेव्हा अगदी थोडं जेवेन. आता मला सांगा, पुरणपोळ्या केलेल्या बाईला असं कोणी सांगतं का?

पहिली पोळी त्यांना आवडली. काटा खाली ठेवून ते म्हणाले, "त्या दिवशी सकाळी..." बाबा पुढे सरकले. पण रिकाम्या ताटासमोर पाहुण्याने बोलत बसायचं म्हणजे माझ्या माहेरची अब्रू गेली. मी दुसरी वाढली, वर तूप. त्यांनी नको म्हटलं. आमच्याकडे पहिलं नको हे धरायचंच नसतं, दुसरं भिडेचं असतं, आणि तिसऱ्या नकोनंतर अर्धी वाढतात. अर्धी वाढली की उरलेली अर्धी एकटी कशी ठेवायची?

"मॉम, ही सेड नो," आमची ईरा म्हणाली. मी तिला मठ्ठा आणायला पाठवलं.

काका पुन्हा म्हणाले, "त्या दिवशी सकाळी..." मी मसालेभात वाढला. "सूनबाई, जरा दम धर," बाबा म्हणाले. धरला की! मग श्रीखंड आणलं. काका कपाळाचा घाम पुसत होते. मला वाटलं, आमटी तिखट झाली असेल, म्हणून आणखी तूप वाढलं.

जेवणं झाली. बाबांनी काकांना सोफ्यावर बसवलं, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि इतकी वर्षं जपलेला प्रश्न विचारला. काका म्हणाले, "त्या दिवशी सकाळी," आणि झोपले. रेकॉर्डिंगमध्ये पुढे नुसतं घोरणं आहे. बाबा शेजारी ताठ बसून राहिले. त्यांचा चेहरा बघून मला भांडी घासतानाही रडू येत होतं. माणूस उत्तर घेऊन दारात आला, आणि मी ते पुरणाखाली गाडलं.

संध्याकाळी काका दचकून उठले. लेक वाट बघत असेल म्हणाले, सायकलजवळ गेले, पण पाय काही वर जाईना. तीनदा प्रयत्न केला. शेवटी मी सायकल मिनीव्हॅनमध्ये घातली, काकांना पुढे बसवलं. बाबा न विचारता मागे सायकलशेजारी चढले. उत्तर सोडायचं नव्हतंच.

वाटेत काका पोट धरून बसले होते. मग एकाएकी हसायला लागले, ते थांबेचनात.

"त्या दिवशी सकाळी," ते म्हणाले, "बेकरीवाल्याची आई हॉटेलवर आली. आमच्यासाठी रात्रभर जागून केक, पाव, काय काय केलं होतं. एकेकाच्या खुर्चीमागे उभी राहून वाढत होती. आम्ही नको म्हणालो. तिला वाटलं, लाजतोय." माझ्याकडे वळून ते म्हणाले, "अगदी तुझ्यासारखी."

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?" बाबांनी विचारलं.

"तिला वाईट वाटलं असतं. आम्ही आठांनी तेव्हाच शपथ घेतली. तिच्या मुलालासुद्धा कळू दिलं नाही. आता ती नाही. तुम्ही लिहा."

आरशात बघितलं, तर बाबा डोळे पुसत होते. मग म्हणाले, "भीड भिकेची बहीण. पण पोरं चांगली होती."

पुस्तक पूर्ण झालं. शेवटचं प्रकरण त्यांनी मला स्वतः वाचून दाखवलं. त्यात शेवटी लिहिलंय की संघाच्या इतिहासात झाडूगाडी दोनदाच बोलवावी लागली, आणि दुसऱ्या खेपेला ती लेखकाची सूनबाई चालवत होती.