थेंब थेंब सोडलेला नळ

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चुकणार, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर लिहिल्या त्या वाणसामानाच्या याद्याच. वही कुणाला दाखवणार नाही, तरी मागितलेली बरी.

घरून निघाले तेव्हा वैशाखाचं ऊन होतं. उतरले तर माझ्या लेकीनं, माधुरीनं, विमानतळावरच अंगावर कोट चढवला. ती न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एका लहान गावात नर्स आहे. वाटेत कितीतरी वेळ पिवळे डोंगर आणि मेंढ्याच. एका डेअरीवर (कोपऱ्यावरचं दुकान) गरम ‘पाय’ (भाजलेली जाडसर करंजीच) खाल्ला. आत बटाटा आणि चीज. मिरची असती तर आपलाच म्हटला असता.

घर लाकडी, भाड्याचं. मालकीण जोनबाई शेजारी एकट्या राहतात, सत्तरी ओलांडलेल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर शिडीवर चढून आमच्या पन्हळीतली पानं काढताहेत. मी धावत जाऊन शिडी धरली.

"तुझी आई घाबरली का?" त्यांनी माधुरीला विचारलं.

"तुमच्यासाठी घाबरली."

"सांग तिला, मी पडले तर या महिन्याचं भाडं माफ!"

पन्हळ तुंबली तर बर्फ वितळताना पाणी घरात शिरतं, हे माधुरीनं मला समजावलं. बाईंनी बाहेरच्या नळ्यांना फोम गुंडाळला, बागेचा पाइप रिकामा करून ठेवला, लाकडं छपराखाली रचली. आपल्याकडे पावसाआधी कौलं चाळतात तसंच, पण इतकं निगुतीनं मी कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी आमच्या धुण्याच्या खोलीतला नळ बारीक सोडला आणि गेल्या. मला वाटलं, विसरल्या. आमच्याकडे टँकर आठवड्यातून एकदा येतो. गळणारा नळ मला बघवत नाही. मी तो घट्ट पिळला.

तीन दिवस बर्फ पडला. कुंपण, गाडी, डोंगर, सगळं कापसासारखं. चौथ्या दिवशी ऊन आलं, छप्पर ठिबकू लागलं आणि धुण्याच्या खोलीच्या भिंतीतून पाण्याची धार सुटली. जोनबाईंनी मुख्य नळ बंद करून प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, "पाणी गोठलं तेव्हाच नळी चिरली होती, वितळल्यावर कळलं. थंडीत इथला नळ थेंब थेंब चालू ठेवायचा असतो. बंद कुणी केला?"

जोनबाई खुर्चीत बसल्या. "मीच विसरले असेन. मुलगा म्हणतो, तुला आता झेपत नाही, घरं वीक आणि डुनेडिनला माझ्याकडे ये. त्याचं खरं दिसतंय." आणि त्याला फोन लावायला उठल्या.

माधुरीनं मला हे सांगितलं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, इंग्रजी तर दूरच. पण मी बाईंचा हात धरला, नळ पिळल्याची खूण केली आणि छातीवर बोट ठेवलं. "मी. मी."

त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे! अगं, याचे तर मीच तुला पैसे द्यायला हवेत."

बिल तीनशे साठ डॉलर होतं. ते मी फेडते म्हटलं; त्या नको म्हणत होत्या, मी ऐकेना. लेकीचे पैसे घ्यायचे नव्हते. दारांच्या फटीतून वारा येतो म्हणून मी जुन्या साड्यांच्या लांब पिशव्या शिवून, त्यांत गहू भरून, दाराशी लावल्या होत्या. जोनबाईंनी त्या पाहिल्या. "अशा आणखी शिव. शनिवारच्या बाजारात मी विकते." आणि खरंच विकल्या, वीस डॉलरला एक, तोंडभर कौतुक करत. मी मागे उभी राहून नुसती मान डोलवत होते.

परत आले तेव्हा चाळीस डॉलर फेडायचे बाकी होते आणि शिवलेल्या दोन पिशव्या तिकडे. इथे पहिल्या दिवशी गळका नळ बंद करताना हात क्षणभर थांबला. आपलं शहाणपण आपल्या गावापुरतं असतं, हे मला इतकं लांब जाऊन कळलं. पुढचं दुखणं आधी ओळखून शांतपणे कामाला लागणारी ती माणसं मला फार आवडली.

काल माधुरीचा फोन आला. "आई, दोन्ही पिशव्या मी विकल्या. चाळीस डॉलर जोनबाईंच्या हातात दिले. आता एक सेंटही देणं नाही."