स्टेज नको म्हणणारा उमेश

उमेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालीच्या बाजारात बांबूवरून एका व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होतो. पहाटे झोपेतच गेला, म्हणे. फोन ठेवला आणि त्या व्यापाऱ्यावरच ओरडलो, त्याचा काही दोष नसताना. चार महिने मी उमेशशी बोललो नव्हतो. भांडण अर्धवट टाकून माणूस असा निघून कसा जातो? आज सहा आठवडे झाले, राग अजून उतरलेला नाही... पण लिहायचं तर खरं लिहायचं.

आम्ही एका शाळेतले. तो मुंबईला गेला. मी इथेच दुसऱ्यांचे बांबू खांद्यावरून वाहिले आणि पुढे मंडप-साउंडचा स्वतःचा धंदा उभा केला. रत्नागिरीत माझ्या स्टेजला नाव आहे आणि ते मला कोणी वारशात दिलेलं नाही. उमेश वीस वर्षं मुंबईच्या नाइट क्लबांत हाउस म्युझिक वाजवायचा. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एकसारखा चालणारा ठोका, शब्द थोडेच, आणि एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं ते कळू नये अशी सफाई. त्याची आई, आमची काकी, गावात सांगायची, "तो हॉटेलात आहे." क्लब हा शब्द तिच्या तोंडून निघत नसे. तीन वर्षांपूर्वी तो कायमचा परत आला आणि मला म्हणाला, "पक्या, आईने माझं काम एकदाही बघितलेलं नाही. तिला उजेडात दाखवायचंय. आपल्या किनाऱ्यावर, रविवारी दुपारी."

मी हसलो. "दुपारी कोण नाचतो रे? इथे वरातसुद्धा ऊन उतरल्यावर निघते."

"ज्यांना रात्री घराबाहेर पडता येत नाही, ते नाचतात," तो म्हणाला.

जागा मी मिळवून दिली, हे इथे लिहून ठेवतो. सुरूच्या झाडांपुढची सपाट वाळू म्हणजे बायकांची मासळी सुकवायची जागा, आणि तिथे शब्द चालतो रुक्मिणीवहिनींचा. "वहिनी, तीनपासून सूर्य बुडेपर्यंत द्या," मी म्हणालो. "मासळी उचलून झाल्याशिवाय नाय. चार." "साडेतीन करा, उचलायला माझी माणसं देतो." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बरं, साडेतीन. पण आवाज गावात आला तर तुझ्या पेट्या दर्यात टाकीन. मग तिथे माशांशी भाव करत बस."

आदल्या दिवशी मी स्टेज बांधलं. पाठ दर्याला, तोंड गावाकडे, दोन्ही बाजूंना स्पीकरची भिंत. आजवरचा प्रत्येक सत्कार, प्रत्येक पूजा मी अशीच वाजवली, कारण तिथे सगळ्या गावाला ऐकवायचंच असतं. इथे तेच नको होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुपारचा खारा वारा सुटला आणि चाचणीचा पहिलाच ठोका वाऱ्यावर बसून थेट गावात गेला. रुक्मिणीवहिनी सुकटीचं सूप हातात घेऊनच धावत आल्या. "मेल्या, माझ्या फळीवरची भांडी नाचतायत! उद्याचं रद्द."

उमेशने मूठभर वाळू उधळून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि माझ्या सगळ्या माणसांदेखत म्हणाला, "स्टेज काढा."

"सकाळपासून घाम गाळला तो काढण्यासाठी?" मी ओरडलो.

त्याने आवाजही चढवला नाही. झाडांच्या कडेला दोनच स्पीकर ठेवले, पाठ गावाला, तोंड दर्याकडे. लोक मध्ये. स्वतः लोकांच्या मागे, झाडांत. मासळीचे दोन निळे क्रेट एकावर एक पालथे घातले आणि त्यांवर गाण्याला गाणं जोडायचं आपलं यंत्र मांडलं. म्हणाला, "लोकांनी माझ्याकडे कशाला बघायचं? समोर दर्या आहे ना." वहिनी गावात जाऊन कान देऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता चालेल." माझं स्टेज तेवढं वाळूत आडवं पडलं होतं...

रविवारी मी रुसून धक्क्यावर जाऊन बसलो. आधी चार-दोन कॉलेजची पोरं. मग हात धुऊन बायका आल्या, घोळक्याने, एकमेकींना पुढे ढकलत. वरच्या वाड्यांतून जाखडी नाचणारे काही जण आले होते. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि सरळ गोल धरला. तो ठोका त्यांना शिकवावा लागला नाही, त्यांच्या पायांत तो आधीपासूनच होता. मी धक्क्यावरून उठून जवळ कधी आलो, ते मलाही कळलं नाही. तेवढ्यात काळी छत्री घेऊन काकी आली. तिने दर्याकडे बघितलं नाही. मागे वळून क्रेटसमोर उभी राहिली आणि मुलाचे हात बघत राहिली, बराच वेळ.

"एवढंच करतोस?" ती म्हणाली. "मग वीस वर्षं लपवलंस कशाला?"

"मी कुठे लपवलं? हॉटेल तू म्हणायचीस!"

काकीने छत्रीचा दांडा त्याच्या पाठीत घातला, आणि मग ती छत्री हलायला लागली. ठोक्यावर! किनाऱ्यावर असा जल्लोष मी एवढ्या वर्षांच्या धंद्यात ऐकलेला नाही.

त्यानंतर दर रविवारी बंदराकडून, शहरातून, वरच्या गावांतून लोक येत राहिले. तो जायच्या चार महिने आधी पेपरातही आलं. त्याचं नाव, त्याचा फोटो. माझं नाव एका ओळीतही नाही. मी त्याच्या दारात जाऊन जाब विचारला. तो हसला. "पक्या, स्टेजच नव्हतं, तर तुला चढवणार कुठे?" तेव्हापासून माझे स्पीकर दर रविवारी जात राहिले, मी गेलो नाही.

तेरावं झालं आणि काकीने मला बोलावलं. "रविवार बंद ठेवायचा नाय. आणि माणसं पाठवू नको. तू ये."

मी गेलो. माझ्याच हातांनी स्पीकरची पाठ गावाला लावली, क्रेट पालथे घातले, त्याने शेवटच्या रविवारी वाजवलेलं रेकॉर्डिंग सुरू केलं. एवढी गर्दी त्या वाळूने बघितली नव्हती. काकी छत्रीसकट सगळ्यांच्या पुढे होती. क्रेटमागे कोणी नव्हतं, आणि त्यावाचून काही अडलंही नाही, कारण सगळे समोर बघत नाचत होते, त्याने लावलेल्या सवयीने. मागे वळून बघणारा मी एकटा. मेल्या, जिंकलास... मनात म्हटलं, आणि पहिल्यांदाच दर्याकडे तोंड केलं.

ते दोन क्रेट आता माझ्या गोदामात असतात. सोमवार ते शनिवार तिथली प्रत्येक वस्तू भाड्याने जाते आणि प्रत्येकीवर मी घासाघीस करतो. क्रेट मात्र कोणी मागितले, तर भाव सांगत नाही. रविवारचं काम आहे, एवढंच सांगतो.