पेरू, खुर्ची, चावी

डॉक्टरांनी आईला तीन शब्द सांगितले. कमळ, सायकल, सुई. "लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारतो," म्हणाले. मग त्यांनी तिला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले, आणि पुन्हा त्या शब्दांकडे आले.

आई ताठ बसली. "पेरू, खुर्ची, चावी," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "हे शब्द कुठून आले?"

ते माझे होते. दीड वर्ष मी घरी तिची हीच चाचणी घेत होते, आणि दर वेळी हेच तीन शब्द देत होते.

"मॅडम, पेपर फोडलात की तुम्ही," डॉक्टर म्हणाले. हसले मात्र नाहीत.

त्यांनी तिला पावणेचार वाजलेलं घड्याळ काढायला सांगितलं. तिने अकरा वाजून दहा मिनिटं काढली. मी घरी तेवढीच काढायला सांगत असे. माझी आई तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिपाई होती आणि घंटा तीच द्यायची. तिचा टोला मिनिटभरही चुकला नाही, असं तिथल्या बाई सांगत. 

अल्झायमर असावा, असं डॉक्टर म्हणाले. इतर कारणं वगळायला तपासण्या लिहून दिल्या. मग चष्मा काढून म्हणाले, "पुढचं तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही तर त्यातल्याच."

हे वाक्य त्यानंतर मी इतक्यांदा ऐकलं की कान किटले. मी खरोखर त्यातलीच आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी मेंदूतल्या प्रथिनांवर काम करते. प्रथिन म्हणजे एक लांब धागा, आणि त्याची ठरलेली घडी बसली तरच ते आपलं काम करतं. प्रायॉन हे घडी चुकलेलं प्रथिन. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनाचीही घडी बिघडवतं. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असेच गठ्ठे मेंदूत साठतात, आणि तिथेही एक बिघडलेला दुसऱ्याला बिघडवतो की काय, हा आमचा प्रश्न.

आईला हे मी एकदा भाजी निवडताना सांगितलं होतं. चौथी शिकलेली बाई. देठ मोडत म्हणाली, "म्हंजी ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण न्हाई पण गुण लागला." पुढे कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना प्रायॉन समजावताना मी हीच म्हण वापरली. मी शाळेत बाई व्हावं, ही तिची इच्छा. डॉक्टरेट मिळाली तेव्हा म्हणाली, "बाई झाली असतीस तर तुझ्या तासाची घंटा तरी मी दिली असती."

तर सुरुवात कशी झाली, ते सांगते, कारण तुमच्या घरीही ती अशीच होईल. भाजीत दोनदा मीठ. एकच गोष्ट दिवसातून तीनदा. मग एकदा ती दळण आणायला गेली आणि दीड तासाने कुणाच्या तरी स्कूटरवर बसून परत आली. आम्ही धायरीत राहतो. तेव्हा आयटीतल्या लोकांसाठी तिथे इमारतींवर इमारती उठत होत्या. वळणावरचं खुणेचं चिंचेचं झाड जाऊन सात मजले उभे राहिले होते. मी म्हटलं, मीसुद्धा चुकते इथे. खोटं नव्हतं ते. पण मला ते सोयीचंही होतं.

आणखी एक पुरावा मी स्वतःला देत असे. सकाळची बुद्धवंदना ती त्रिशरणापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणायची. लहानपणी पाठ केलेलं सर्वांत शेवटी जातं, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं घरात आठवत नाही.

तरी मनात पाल चुकचुकलीच, म्हणून चाचणी सुरू केली. तीस गुणांची, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. प्रश्न तेच, वेळ तीच, खुर्ची तीच. प्रयोगात परिस्थिती बदलायची नाही, तरच तुलना करता येते, ही माझ्या हाडीमासी भिनलेली शिस्त. आईला कधी अठ्ठावीस मिळत, कधी एकोणतीस. मी ते वहीत लिहायची आणि निश्चिंत व्हायची. नळीतलं प्रथिन अभ्यास करून येत नाही. आई येऊ शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर तिची पिशवी रिकामी करताना मला जुन्या कॅलेंडरची पानं सापडली. कोऱ्या बाजूंवर तिचं जाडं, जोडाक्षरांना अडणारं अक्षर. पेरू खुर्ची चावी. पेरू खुर्ची चावी. ओळीच्या ओळी. खाली गोल घड्याळं, सगळी अकरा दहाची. वर आठवण म्हणून लिहिलेलं, "सुजा रविवारी इचारते." सुजा म्हणजे मी.

मला पाढे तिनेच शिकवले. वर्गाच्या दाराशी उभं राहून स्वतः ऐकलेले. "पाठ कर, म्हंजी कुटं अडत न्हाई," म्हणायची, आणि बरोबर आलं की "पैकीच्या पैकी!" आता तिचं अडायला लागलं होतं, तर तिने तेच केलं. म्हणजे तिला कळत होतं. दीड वर्ष ती हे कळणं एकटीने सोसत होती, आणि मी शेजारच्या खोलीत वहीत अठ्ठावीस लिहीत होते.

"का गं केलंस असं?" मी विचारलं.

"मार्क पडले की तुजं तोंड बरं दिसायचं," ती म्हणाली.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

पुढचे दिवस प्रतीक्षाकक्षांमध्ये गेले. रक्तात बी-बारा आणि थायरॉइड पाहिलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो बरा होतो. मी देव मानत नाही, पण बी-बारा कमी असू दे म्हणून मी कुणाला विनवत होते, ते मलाच ठाऊक नाही. सगळं व्यवस्थित निघालं. व्यवस्थित रिपोर्टचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, आक्रसलेला दिसला.

अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या भावाचा, संजयचा, फोन आला. "ताई, तू त्यातलीच ना? काहीतरी असेलच ना नवीन?" काही नव्हतं. गोळ्या होत्या, थोडा काळ थोडा आधार देणाऱ्या. मग तो चाचरत म्हणाला, "तुझ्या लॅबमधून तर नाही ना आलं?" मी फोन ठेवून दिला. अल्झायमर माणसाजवळ बसून होत नाही, जेवूनखाऊन होत नाही. तुमच्या घरी असं कुणी विचारलं, तर माझ्यासारखा फोन ठेवू नका, समजावून सांगा. त्याला भीती वाटली होती, एवढंच.

प्रयोगशाळेत मी जातच होते. एका रसायनाने आमच्या नळीतले गठ्ठे बांधले जाणं थांबत होतं. आलेख सुंदर आला, सहकाऱ्यांनी पेढे आणले. मी एक पेढा आईसाठी पुडीत बांधून घेतला. नळी आणि माणूस यांच्यातलं अंतर माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पेढा तिने खाल्ला, आणि तासाभराने विचारलं, "पेढा आणलावतास का?"

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. शंका आली तर घरी परीक्षा घेऊ नका, डॉक्टरांकडे न्या. आणि माणूस सांगू शकतोय तोवर त्याला विचारून घ्या. आईला कुणाजवळ राहायचंय, लोणी काळभोरला बहिणीकडे एकदा जाऊन यायचंय का, कशाची भीती वाटते, हे सगळं त्या दीड वर्षात विचारता आलं असतं. मी तिला पेरू, खुर्ची, चावी विचारलं.

आता ती मला ओळखत नाही. संजय आला तेव्हा त्यालाही ओळखलं नाही. वंदनेचे शब्द गेले, मग घास गिळायची आठवणही अधूनमधून जाऊ लागली. तिला सांभाळायला दिवसा एक मावशी येतात, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. मी घरात हताश असते, आणि ते लपवणं मी सोडून दिलंय.

परवा रविवारी मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. केस विंचरायचे होते. माझा चेहरा समोर आला तशी ती दचकली, पदर सावरला, ताठ झाली. कितीतरी दिवसांत तिच्या तोंडून धड शब्द आला नव्हता.

"पेरू," ती म्हणाली. थांबली. "खुर्ची. चावी."

मग घाबरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"बरोबर आलं का हो, बाई?"

मी कंगवा खाली ठेवला आणि तोंड जमेल तितकं बरं केलं.

"पैकीच्या पैकी," म्हटलं.